अकरा मिनिटांची नोंद

९ जानेवारी २०२५, गुरुवार

…साडेसहाला पाणी आलं होतं. दोन्ही पिंपं भरून झाली, कपडे भिजत घातले, तांदूळ निवडायला घेतले. बरकत शर्ट हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, बटण तुटलंय म्हणून. मी म्हणाले, दुसरा घाला, आत्ता सुईदोरा शोधायला वेळ नाही. त्यांनी दुसरा घातला. डबा घेतला, "येतो" म्हणाले. मी नुसतं "हं" म्हटलं. मान वर केली नाही, कारण ताटात एक खडा दिसत होता आणि तो सापडत नव्हता. साडेदहाला त्यांच्या वर्कशॉपमधून फोन आला. लेथवर उभे असताना छातीला हात लावून खाली बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझा नवरा जाऊन आज दोन वर्षं झाली. वहीचं पहिलं पान कशानं भरावं ते सुचेना, म्हणून हे लिहिलं.

ही वही कंपनीची. चाकणला आमच्या कंपनीत पत्र्याचे वायसर, म्हणजे वॉशर, बनतात. प्रेस मशीन ठोकते, आम्ही बायका टेबलावर एकेक वायसर दिव्याखाली धरून तपासतो. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारी वस्तू आहे, म्हणून डोळ्यांनी बघावी लागते. नव्या वर्षात सेफ्टी ऑफिसर पद्मजा मॅडमनी मला पहिल्या शिफ्टची फर्स्ट-एडर केलं. प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं शिक्षण, छातीवर हिरवा बिल्ला आणि ही डायरी. बायका म्हणाल्या, "ताहेराआपा चहाच्या सुट्टीतपण वाचत बसतात, त्यांनाच द्या." मी सातवी पास. नंतरचं सगळं रद्दीच्या दुकानातून आणून वाचलेलं. इंग्रजी अक्षरं ऑइलच्या डब्यांवरून शिकले.

आज कंपनीची गुरुवारची सुट्टी, म्हणून चादरी धुतल्या. गच्चीवर वाळत घालताना परत तसं झालं. हाताला मुंग्या, गळा आवळल्यासारखा, छातीत प्रेस चालल्यासारखं ठोकत होतं. जिन्यात बसले. सतराचा पाढा म्हटला की ते जातं. सतराचा मला कधी नीट आला नाही, म्हणून डोकं त्यात अडकून राहतं. गेलं. मागच्या वर्षी कंपनीच्या शिबिरात ईसीजी काढला होता, तो चांगला आला. मला वाटतं त्यांचं मशीन जुनं असावं. मंतशाला सांगितलेलं नाही. पोरीची कॉलेजची परीक्षा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

आज मी फर्स्ट-एडच्या रजिस्टरमध्ये पहिली नोंद केली.

दहाच्या चहाला बायकांनी तिळगूळ वाटला. कस्तुरा माझ्या शेजारी बसली होती. ती परभणीकडची, चार नंबरच्या प्रेसवर असते. नवरा नांदवत नाही, मुलीला घेऊन भोसरीत आमच्या मागच्या गल्लीत खोली करून राहते. मुलगी पहिलीत आहे. कस्तुरा हसत कुणाला तरी म्हणत होती, "गोड बोला म्हनता आन् लाडू दगडावानी करता, दात पाडायलाव का?" आणि बोलता बोलता तिच्या हातातला कप खाली पडला.

मला वाटलं चटका बसला. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हातांची बोटं आखडली, अंग थरथरायला लागलं. "आपा, मी मरायले," म्हणाली. "आपा, माझी पोरगी."

बायका ओरडल्या, "फिट! फिट आली! चप्पल हुंगवा!" कुणी खरंच चप्पल आणली, कुणी तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या. मी चप्पल बाजूला केली. तिला भिंतीला टेकवलं, समोर बसले आणि का कुणास ठाऊक, म्हणाले, "कस्तुरा, माझ्याकडे बघ. म्हण, सतरा एके सतरा."

"आपा, मला सतराचा येत न्हाई."

"मलाही येत नाही. म्हण. सतरा दुणे?"

"चौ… चौतीस."

"सतरा त्रिक?"

तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली होती. चौकाला अडली, मी अडुसष्ट म्हटलं. पाचाला मी पंच्याण्णव म्हणाले, तर ती तशा अवस्थेत म्हणाली, "पंच्याऐंशी, आपा." भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते ते दहा एकतीस झाले. अकरा मिनिटं. मग बोटं सुटली, घाम आला आणि ती रडायला लागली.

मशीन बंद होतं, कुणी रागावलं नव्हतं, काही घडलं नव्हतं. नुसता तिळगूळ.

नंतर रजिस्टर उघडलं. नाव, वेळ, काय झालं, काय केलं. "काय झालं" या रकान्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं : फिट आली. खाली सही केली. ताहेरा बरकत. मॅडम म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं."

१५ जानेवारी, बुधवार

कस्तुराला घरी बसवलं.

मॅडमनी मला बोलावून सांगितलं. फिट येणाऱ्या माणसाला प्रेसवर उभं करायचं नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. मशीन चालू असताना माणूस पडला तर हात जातो. टेबलावर जागा नाही. कंत्राटी बाई, त्यामुळे एक तारखेपासून नाव कमी.

मी म्हणाले, "पण मॅडम, ती चांगली आहे."

"आपा, मी काय करू? रजिस्टरमध्ये फिट लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

कंपनीच्या गाडीतून घरी येताना सगळ्या बायका नेहमीसारख्या बोलत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यात इतकं वाचलं. पण मी लिहिलेलं कुणी वाचेल आणि त्यावर काही ठरेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी कस्तुराच्या खोलीवर गेले. दार तिच्या मुलीनं उघडलं. कस्तुरा भांडी घासत होती, तशीच घासत राहिली.

"बसा की आपा. चहा ठिवू का? का चहानं परत फिट यील?"

मी दाराशीच बसले.

"मी समद्यांसारखं तुमास्नी बोल न्हाई लावत. पन तुमच्याच हातचं हाय न्हवं ते? मी तुमच्याशी बोलत व्हते. पाढा म्हनत व्हते. फिटवालं मानूस पाढा म्हनतं का?" मग हात पुसून म्हणाली, "सासरला कळलं तर म्हनतील, फिटवालीकडं लेकरू कसं ठिवायचं. ते वाटच बघायलेत. कामपन गेलं, आता काय सांगू त्यास्नी?"

मी तिला म्हटलं, ऊठ, साडी बदल. मुलीला मंतशाजवळ ठेवलं आणि आम्ही दोघी पालिकेच्या दवाखान्यात गेलो. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर तरुण बाई होत्या, अबोली म्हणून. त्यांनी कस्तुराला तपासलं, मग मला विचारलं, "तुम्ही समोर होतात? काय बघितलंत?"

"फिट आली."

"ते नाव झालं. तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

मी सगळं सांगितलं. कप पडला. पांढरी पडली. बोटं आखडली. मरते म्हणाली. सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. जीभ चावली नाही, कपडे खराब झाले नाहीत. पाढा म्हटला. माझी चूक सुधारली. दहा वीस ते दहा एकतीस.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्ही घड्याळ बघितलंत?"

"हो."

"इथे डॉक्टर होऊन आलेली मुलंसुद्धा घड्याळ बघत नाहीत. हे सगळं माहीत असताना तुम्ही फिट का लिहिलंत?"

"सगळ्या तसं ओरडत होत्या."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दिसलं ते लिहायचं. आजाराचं नाव आमच्यावर सोडायचं." मग त्यांनी एक कागद लिहिला. डोक्याचा आलेख, ईईजी म्हणतात तो, काढायचा होता, त्याची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. त्या कागदावर खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पॅनिक अटॅक, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

निघताना म्हणाल्या, "पाढा म्हणायला लावायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला त्यानं बरं वाटतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून होतं तुम्हाला?"

"डॉक्टर, मागं रांग आहे. आज हिचं बघा," मी म्हटलं. त्यांनी टेबलाच्या खणातून छापलेलं मराठी पत्रक काढून माझ्या हातात दिलं. डॉक्टर चांगल्या घरची मुलगी दिसते. सगळ्यांशी प्रेमानं बोलते.

१९ जानेवारी, रविवार

मंतशाला विचारलं, पॅनिक अटॅक म्हणजे काय गं?

"काय अम्मी, एवढंपण माहीत नाही? परवा हॉल तिकीट डाउनलोड होत नव्हतं तेव्हा मला आला होता ना."

"तेव्हा तुझी बोटं आखडली होती?"

"बोटं कशाला आखडतील? म्हणजे टेन्शन आलं. सगळे तसंच म्हणतात."

कंपनीतही तसंच म्हणतात. आता कान लागले म्हणून ऐकू येतंय. माल वेळेत गेला नाही की सुपरवायझर म्हणतो, पॅनिक अटॅक. कॅन्टीनमध्ये भाजी संपली, पॅनिक अटॅक. हा शब्द इतके दिवस माझ्या आजूबाजूला फिरत होता आणि मला तो चहा-बिस्किटासारखा वाटत होता.

दुपारी शिफ्टवरून आल्यावर गच्चीवर उन्हात बसून पत्रक वाचलं. एका बाजूला छापलेलं, साधी आठ-दहा वाक्यं. एकाएकी भीती येते, कारण असेलच असं नाही. छाती धडधडते. गळा आवळतो. हातांना मुंग्या येतात. आपण आत्ता मरणार असं खात्रीनं वाटतं. काही मिनिटांत शिगेला पोचतं आणि आपोआप ओसरतं. अनेक जण हृदयाचा आजार समजून वर्षानुवर्षं घाबरून राहतात. तपासण्या चांगल्या आल्या तरी विश्वास बसत नाही.

मी उठले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. पत्रक पुन्हा वाचलं.

लिहिणाऱ्यानं मला कधी बघितलं नाही. भोसरीत असा एक जिना आहे हे त्याला ठाऊक नाही. मी ही गोष्ट माझ्या पोटच्या पोरीला सांगितली नाही, बहिणीला नाही, नमाजच्या चटईवरही मोठ्यानं बोलले नाही. आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ईसीजीसकट. मला कितीतरी वेळ उठताच आलं नाही. भीती नव्हती. आपण एकटेच ज्या खोलीत आहोत असं वाटत होतं, तिथे दिवा लागला आणि पाहते तर खोली माणसांनी भरलेली. कोण कोण असेल? कुठल्या गावचे, कुठल्या कामाचे? त्यांनाही कुणीतरी एका सकाळी फोन केला असेल का, की नुसताच तिळगूळ?

दोन वर्षं मी बरकतच्या मागोमाग जायला तयार होऊन बसले होते. मंतशाच्या मामाचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, तो त्यासाठीच.

२३ जानेवारी, गुरुवार

कस्तुराचा आलेख काढला. डोक्याला वीसेक वायरी लावल्या. ती मला म्हणाली, "आपा, मोबाइलवानी चार्जिंगला लावलं व्हय मला?" मशीनवरचा मुलगाही हसला.

मला आत बसू दिलं. पडद्यावर रेघा चालल्या होत्या, एकाखाली एक, बारीक लाटांच्या. कस्तुरानं डोळे मिटले की त्या मोठ्या होत, उघडले की बारीक. ही रेघ म्हणजे कस्तुरा. तिची मुलगी, तिची परभणी, पंच्याऐंशीसुद्धा, सगळं त्या लाटांत कुठेतरी. मी रोज साडेतीन हजार वायसर बघते. त्याच्याइतकं चांगलं काम माणसानं केलेलं नाही असं मला वाटायचं. सुभानल्लाह. हे ज्यानं केलं त्याला दिवाही लागला नाही.

डॉक्टरांनी आलेख बघून कागद लिहून दिला. फिट नाही. पॅनिक अटॅक. यावेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. मशीनवर काम करायला हरकत नाही, दर पंधरवड्याला दाखवावं, मशीन चालवताना त्रास जाणवला तर थांबून बाजूला व्हावं.

मी म्हटलं, "आलेखानं काम केलं."

"नुसत्या आलेखावर मी असं लिहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "आलेख चांगला असूनही फिट येऊ शकते. तुमची अकरा मिनिटं आणि आलेख, दोन्ही मिळून."

मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "पत्रक वाचलं." त्यांनी मान हलवली आणि माझ्या नावाचा केसपेपर काढला.

३० जानेवारी, गुरुवार

परवाचं आणि कालचं एकदम लिहिते.

परवा, मंगळवारी, पद्मजा मॅडम मला आणि कस्तुराला प्रॉडक्शन मॅनेजर रणजीत सरांकडे घेऊन गेल्या. आधी मॅडमनी मला रजिस्टर दिलं. चुकीची नोंद खोडायची पद्धत असते. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. मी "फिट आली" यावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, दिसलं तसं, कपापासून पंच्याऐंशीपर्यंत. रकाना पुरला नाही, समासात गेले. शेवटी लिहिलं : डॉक्टरांच्या कागदानुसार पॅनिक अटॅक, कागद सोबत.

रणजीत सरांनी कागद वाचला आणि हसले. वाईट माणूस नाही. बरकत गेले तेव्हा मी नसतानाही माझी तीन दिवस हजेरी लावून घेतली होती त्यांनी.

"पॅनिक अटॅक? अहो मॅडम, हे काय कारण झालं? मला रोज येतो, दुपारी चारला, गाडी भरली नाही की." सुपरवायझरही हसला. कस्तुरा खाली बघत होती. "उद्या प्रेसवर उभी असताना हिला टेन्शन आलं आणि हात घातला आत, तर जबाबदार कोण? फिट काय नि हे काय, सारखंच."

"सारखं नाही, सर," मी म्हटलं.

"आपा, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण तुम्ही म्हणता तो तुम्हाला येत नाही. तो आला असता तर तुम्ही हसला नसता. त्यात माणसाला वाटतं आपण आत्ता, या मिनिटाला, मरणार. लेकरू डोळ्यांपुढे येतं. तरी माणूस शुद्धीत असतो, बाजूला होऊ शकतो, पाढासुद्धा म्हणतो."

"तुम्हाला काय माहीत?"

मला वाटलं आता इथेच मला तो येणार. आला नाही.

"मला येतो, सर. दोन वर्षं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. कंपनीतही चार-पाच वेळा आला. मी टेबलावरून उठते, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहते, परत येऊन बसते. माझ्या हातून गेलेला एक तरी वायसर गिऱ्हाइकानं परत पाठवला का? काढून बघा."

सुपरवायझर हसायचा थांबला. पद्मजा मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. कस्तुरा हळूच म्हणाली, "आपा, काय बोलायलाव तुमी."

सरांनी कागद परत उचलून वाचला. मग म्हणाले, "हे बोललात तर मला तुमच्या टेबलाचाही विचार करावा लागेल. ब्रेकचा माल आहे."

"करा, सर. पण कागद बघून करा. तिचाही, माझाही."

"तोंडी नको. असं सगळे बोलतात आणि लिहायची वेळ आली की कुणी बोललेलं नसतं." त्यांनी कागद मॅडमकडे सरकवला. "आपा स्वतःचं लिहून देत असतील तर दोघींचे कागद कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवा. तो म्हणेल तसं. तोवर कस्तुरा कामावर येऊ दे, टेबलावर, मशीनवर नाही. लिहिलं नाही तर एक तारखेचा निर्णय कायम."

बाहेर आल्यावर कस्तुरानं माझा हात धरला. "नका लिहू आपा. तुमचंपन जाईल. मंतशाचं शिक्षन हाय."

घरी येऊन मंतशाला सांगितलं. आधी जिन्याचं, मग बाकीचं. ती उठून फ्रिजवरचा मामाचा नंबर बघत उभी राहिली. "अम्मी, मला वाटायचं हा गॅसवाल्याचा आहे," म्हणाली आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. विचार करायला हवा होता, टेबल गेलं तर काय, पण मला त्या पत्रकातली माणसंच दिसत होती. रांगेत बसलेली, प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला कंपनीत पोचले, मॅडमकडून रजिस्टर मागून घेतलं, आणि कस्तुराच्या नोंदीखाली माझं नाव लिहिलं.